टोरिक लेन्स घालता, चाळिशी लागली आणि जवळचं धूसर दिसतंय? आधी हे तपासून बघा

"मॅडम, लेन्स खराब निघाली यावेळी." असं म्हणत जे लोक येतात ते बहुतेक ४२ ते ५२ वयाचे असतात, सिलेंड्रिकल नंबर असतो, म्हणजे बुबुळ सगळीकडे सारखं गोल नसल्याचा नंबर, तो सुधारणारी टोरिक लेन्स पंधरा-वीस वर्षं काही तक्रार न करता घातलेली असते, आणि आता मोबाइलवरचा मेसेज वाचायला हात लांब करावा लागतोय. मी इंदूरला कॉन्टॅक्ट लेन्स बसवायचं काम गेली १९ वर्षं करतेय, स्वतःही टोरिक घालते, आणि हा एकच प्रॉब्लेम इतक्या वेळा सोडवलाय की आता सगळं एकदा नीट लिहूनच काढते. कारण लोक काय करतात, आधी महागाची, लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारी मल्टिफोकल लेन्स मागवतात, मग ती चालली नाही की दुसरी, मग वैतागून लेन्सच सोडून देतात, आणि मूळ दोष तसाच राहतो.

गोष्ट अशी आहे की इथे तीन वेगळे दोष एकसारखेच वाटतात. एक म्हणजे चाळिशी, म्हणजे डोळ्याच्या आतलं नैसर्गिक भिंग वयाप्रमाणे कडक होतं आणि जवळचं फोकस करायची ताकद कमी होते. दुसरा म्हणजे टोरिक लेन्स डोळ्यात फिरते किंवा तिचा अ‍ॅक्सिस (सिलेंडर कुठल्या कोनात आहे तो आकडा) आता जुळत नाही. तिसरा म्हणजे कोरडेपणा. तिघांचेही उपाय वेगळे आहेत. कुठला आहे ते कळल्याशिवाय एक रुपया पण घालू नका असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

लक्षणं, म्हणजे तुमचं नेमकं काय होतंय

फोन लांब नेला की अक्षर स्वच्छ होतं, जवळ आणलं की पुसट, आणि दोन्ही डोळ्यांचं साधारण सारखंच. संध्याकाळी जास्त त्रास, उन्हात कमी. ही चाळिशी.

अक्षराच्या बाजूला किंवा खाली सावली दिसते, फोन लांब नेला तरी सावली जात नाही, फक्त कमी-जास्त होते, रात्री समोरच्या गाडीचा दिवा एका दिशेला ओढल्यासारखा दिसतो, एका डोळ्यात जास्त. हा सिलेंडरचा घोळ, म्हणजे अ‍ॅक्सिस किंवा लेन्सचं फिरणं.

पापणी मिटली की क्षणभर छान दिसतं, मग परत धूसर, परत मिटली की परत छान. सकाळी बरं, दुपारी चारनंतर वाईट, एसीत बसलं की आणखी वाईट, चुरचुर होते, लेन्स काढून टाकावीशी वाटते. हा कोरडेपणा.

आणि बऱ्याच जणांचं असं असतं की दोन एकत्र असतात. पन्नाशीतल्या बायकांमध्ये तर कोरडेपणा आणि चाळिशी जवळजवळ जोडीनंच येतात, पाळी जाताना डोळ्यातलं पाणी पण कमी होतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आता तपासणी. फुकटचं आधी, खर्चाचं नंतर.

उजेड

हसू नका, हेच सगळ्यात आधी बघा. कमी उजेडात बाहुली मोठी होते, मोठ्या बाहुलीतून थोडासा चुकलेला फोकस पण मोठा धूसरपणा करतो. भरपूर उजेडात बाहुली बारीक होते आणि तोच नंबर, तीच लेन्स, पण अक्षर सुधारतं. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, पिवळ्या बल्बखाली मेन्यू वाचता आला नाही आणि सकाळी खिडकीपाशी पोहे खाताना पेपर सहज वाचता आला, तर लेन्स बिघडलेली नाही, चाळिशी दार ठोठावतेय. टेबलावर मागून, खांद्यावरून पडणारा चांगला पांढरा दिवा लावा आणि दोन दिवस बघा. सुरुवातीच्या चाळिशीत कित्येकांचं वर्ष-दीड वर्ष एवढ्यावरच निघतं.

एकेक डोळा झाकून

तळहातानं झाका, दाबू नका. आधी लांबचं बघा, मग हातभर अंतरावर अक्षर वाचा. दोन्ही डोळे सारखेच अडत असतील तर वय. एकच डोळा अडत असेल तर त्या डोळ्याची लेन्स किंवा तो डोळाच, आणि मग पुढच्या तपासण्या त्या डोळ्यावर नीट करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून आपण दिवसभर जगतो त्यामुळे एका डोळ्याचं दिसणं कमी झालेलं महिनोन्‌महिने लक्षातच येत नाही.

डावी-उजवी, सुलटी-उलटी, तारीख

साध्या नंबरच्या लेन्समध्ये डावी-उजवी बदलली आणि दोन्ही नंबर जवळपास सारखे असले तर फारसं कळत नाही. टोरिकमध्ये लगेच गोंधळ होतो कारण दोन्ही डोळ्यांचा अ‍ॅक्सिस बहुतेकदा वेगळा असतो. क्लॉथ मार्केटमध्ये बसणारे एक काका आले होते, दोन महिने डोकं दुखतंय, बिलातले आकडे दुहेरी दिसतात, ८ आहे की ३ आहे कळत नाही. मी लेन्स डोळ्यात असतानाच मशीनवर बघितलं, दोन्ही लेन्सेस बसल्या होत्या अगदी सरळ, लेन्सवर दिशा कळायला असते ती खूण जिथे पाहिजे तिथे, तरी नंबर जुळेना. मग डबी बघितली. डबीची झाकणं घरात कोणीतरी धुऊन उलटसुलट लावली होती, पांढरं डावीकडे आणि निळं उजवीकडे. लेन्स बदलल्या, दहा मिनिटं बसवलं, आकडे वेगळे झाले. म्हणून झाकणाच्या रंगावर विसंबू नका, डबीच्या बुडाला पण मार्करनं खूण करा.

लेन्स उलटी आहे का ते बोटाच्या टोकावर ठेवून बाजूनं बघा, वाटीसारखी कड आत वळलेली असेल तर सुलटी, कड बाहेर बशीसारखी पसरली असेल तर उलटी. उलटी टोरिक टोचते पण आणि फिरते पण. आणि महिन्याची लेन्स महिनाच. "अजून चांगली आहे" म्हणून तिसरा महिना ढकलणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात, लेन्सवर प्रथिनांचा, चरबीचा थर बसतो, पापणी त्याला अडखळते आणि प्रत्येक मिटण्याबरोबर लेन्स थोडी ओढली जाते.

पापणीची टेस्ट

एक ओळ वाचत असताना पापणी दोन-तीनदा पूर्ण मिटा, मग उघडी ठेवा आणि मनात आकडे मोजा. पाच-सहा मोजेपर्यंत अक्षर विरघळायला लागलं तर आधी कोरडेपणाकडे बघा. स्क्रीनकडे बघताना आपण पापणी कमी वेळा मिटतो आणि अर्धवट मिटतो, इंदूरचा एप्रिल-मे तर माहीतच आहे, बाहेर चाळीसच्या वरचं ऊन आणि लू, आत एसी, दोन्हीकडे हवा कोरडी. त्यात रोज अ‍ॅलर्जीची गोळी चालू असेल तर ती पण डोळ्यातलं पाणी कमी करते, काही मनाच्या आजाराच्या गोळ्यांनी पण होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, फक्त तपासायला येताना चिठ्ठी घेऊन या.

उपाय म्हणजे लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे थेंब, एसीचा झोत चेहऱ्यावरून बाजूला, आणि स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली. लाली घालवणारे थेंब नकोत. आणि नळाचं पाणी कधीच नाही, ना लेन्स धुवायला ना डबी धुवायला. अकॅन्थमिबा नावाचा जीव पाण्यात असतो, तो बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात आणि नजर कायमची जाऊ शकते. नर्मदेचं पाणी घरी येतं ते पिण्यासाठी शुद्ध केलेलं असतं, लेन्ससाठी नाही. हे मी मोठ्यानं सांगते कारण घाईत नळाखाली धरणारी माणसं मी बघितली आहेत.

शिरोरेषा आणि काना

ही टेस्ट मी स्वतः बसवलीय आणि आपल्या लिपीत ती इतकी छान चालते की मला तिचा फार अभिमान आहे. सिलेंड्रिकल नंबर म्हणजे काय, तर बुबुळ गोल चेंडूसारखं नसून थोडं चमच्याच्या पाठीसारखं असतं, एका दिशेला जास्त वळलेलं, दुसऱ्या दिशेला कमी. त्यामुळे आडव्या रेघा एका ठिकाणी फोकस होतात आणि उभ्या रेघा दुसऱ्या ठिकाणी. आता देवनागरीत बघा, वर आडवी शिरोरेषा आणि खाली उभा काना, दोन्ही एकाच अक्षरात. पेपरातला मधल्या आकाराचा मथळा घ्या, "राजवाडा" सारखा शब्द शोधा ज्यात तीन-चार काने आहेत. एक डोळा झाका. पेपर हळूहळू लांब नेत जा, परत जवळ आणा.

शिरोरेषा आणि काने दोन्ही एकाच वेळी पुसट होतात आणि एकाच वेळी स्वच्छ होतात, तर ती चाळिशी आहे, सिलेंडर नीट सुधारलेला आहे. पण एका अंतरावर शिरोरेषा काळी कुळकुळीत आणि काने जाड, दुहेरी, आणि थोडं अंतर बदललं की उलटं, काने सुरेख आणि शिरोरेषा पसरलेली, तर सिलेंडर शिल्लक राहिलाय, म्हणजे लेन्स फिरलीय किंवा नंबर बदललाय. अ‍ॅक्सिस तिरका असेल, ४५ किंवा १३५ च्या आसपास, तर हा फरक एवढा स्पष्ट कळत नाही, तेव्हा अक्षर तिरकं ओढल्यासारखं दिसतं. जॉर्ज एअरी नावाच्या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं १८२५ च्या सुमारास स्वतःच्या डाव्या डोळ्यासाठी असंच काहीतरी केलं होतं, कार्डाला बारीक भोक पाडून ते जवळ-लांब नेलं आणि प्रकाशाचा ठिपका कुठे रेघ होतो ते मोजलं, मग त्यावरून सिलेंडरची काच बनवून घेतली. दोनशे वर्षं झाली, तत्त्व तेच आहे.

सुईचं भोक

जाड काळा कागद, मध्ये सुईनं एकच भोक, साधारण एक मिलिमीटर. लेन्स घालून, एका डोळ्यानं त्यातून लांबचं बघा. भोकातून स्वच्छ दिसलं तर दोष बहुतेक नंबरचा आहे, काचेनं सुटेल. भोकातूनही तेवढंच धूसर राहिलं तर घरचे प्रयोग इथेच थांबवा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मोतीबिंदू, पडद्याचा त्रास, बुबुळावरचा डाग, यातलं काही असू शकतं आणि ते लेन्स बदलून सुटत नाही. ही एवढीशी टेस्ट लोक करत नाहीत आणि वर्ष वाया घालवतात.

आता पहिला खर्च: रेडिमेड चष्मा

दोन-तीनशे रुपयांत मिळतो तो वाचायचा चष्मा, अधिक १ किंवा अधिक १.५० चा. टोरिक लेन्स डोळ्यात असताना तो वरून लावा आणि हातातलं वाचा. माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती सगळ्यात कमी पैशात इथे मिळते. अक्षर एकदम टवटवीत झालं, सावली नाही, तर तुमची टोरिक लेन्स उत्तम काम करतेय आणि कमी पडतोय तो फक्त जवळचा नंबर. अक्षर मोठं झालं पण सावली तशीच राहिली तर सिलेंडर सुधारायचा राहिलेला आहे, आणि अशा वेळी मल्टिफोकल मागवली तर पैसे पाण्यात.

एक गोष्ट इथे लक्षात ठेवा. ज्यांना सिलेंडर आहे त्यांना हा रेडिमेड चष्मा नुसत्या डोळ्यांवर कधीच नीट चालत नाही कारण त्यात सिलेंडर नसतो. पण खाली टोरिक लेन्स असेल तर सिलेंडरचं काम लेन्सनं केलेलंच असतं, मग तोच स्वस्त चष्मा मस्त चालतो. बऱ्याच लोकांनी कधीतरी बहिणीचा वाचायचा चष्मा नुसत्या डोळ्यांवर लावून बघितलेला असतो, "मला सूट होत नाही" म्हणून सोडून दिलेला असतो.

आणि अजून एक, उणे नंबरवाल्यांसाठी. चष्म्यात असताना तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून वाचायचात, उणे अडीचवाल्याला तर चष्मा काढला की ४० सेंटिमीटरवर आपोआप स्वच्छ दिसतं. लेन्स अशी कपाळावर सरकवता येत नाही. शिवाय उणे नंबरच्या माणसाला चष्म्यापेक्षा लेन्समधून जवळचं बघायला डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो, हे प्रकाशशास्त्रच आहे. म्हणून चष्म्यातून वाचता येतं आणि लेन्समधून येत नाही, ही तक्रार खोटी नाही, लेन्स खराब पण नाही.

वयाचा हिशोब सांगते. ४० सेंटिमीटरवर वाचायला अडीच डायॉप्टर (आपण नंबर म्हणतो तेच माप) ताकद लागते, मोबाइल आपण ३३ सेंटिमीटरवर धरतो तेव्हा तीन. आणि आरामात वाचायचं तर डोळ्याकडे त्याच्या साधारण दुप्पट साठा पाहिजे. सरासरी माणसाकडे ४० व्या वर्षी साडेसहाच्या आसपास असतो, ४५ ला पाच, ५० ला साडेतीन. म्हणजे ४५ च्या पुढे कमी पडणारच, यात तुमचा काही दोष नाही आणि गाजर खाऊन भरून येणारं पण नाही.

पडून वाचणं

हे पटकन. कुशीवर आडवं पडून फोन वाचताना धूसर, उठून बसलं की दोन मिनिटांत ठीक, असं असेल तर लेन्स फिरतेय. टोरिक लेन्स जागेवर राहते ती तिच्या खालच्या जाड भागामुळे आणि पापण्यांच्या दाबामुळे, कुशीवर झाल्यावर तो तोल बदलतो. थोडं फिरणं स्वाभाविक आहे, बसून वाचा. पण बसलेले असताना नुसतं खाली बघितलं की बिघडतं असं असेल तर मात्र मशीनवर बघायला पाहिजे.

इथून पुढे लेन्स बसवणाऱ्याकडे जायचं

घरच्या तपासण्या इथे संपल्या. आता पुढचं तुम्हाला आरशात करता येणार नाही, पण तुमच्या समोरचा माणूस ते करतोय का हे तुम्हाला कळलं पाहिजे म्हणून लिहिते.

स्लिट लॅम्पवर, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या मशीनवर, लेन्सवरची खूण बघावी लागते. कुठल्या लेन्सवर ती खाली सहाच्या काट्यावर असते, कुठल्यावर तीन आणि नऊवर. लेन्स घातल्यावर निदान १५ मिनिटं थांबून, सरळ बघताना आणि वाचतो तसं खाली बघताना, दोन्ही वेळा. हे दुसरं फार जण करत नाहीत. मागच्या वर्षी एक शाळेतल्या बाई आल्या, पेपर तपासताना डाव्या डोळ्यानं दुहेरी. सरळ बघताना खूण बरोब्बर सहावर. मी म्हटलं आता मांडीवर वही आहे असं समजून खाली बघा, आणि हळूच वरची पापणी उचलून धरली. खूण सरकली नाकाकडे, माझ्या डोळ्यांदेखत, घड्याळाचा काटा सरकावा तशी, जवळजवळ १५ अंश, पापणी मिटली की अर्धी परत आली आणि पुन्हा सरकली. बाईंना वाटत होतं चाळिशी वाढली, नंबर वाढवून द्या. नंबर वाढवला असता तर काहीच झालं नसतं. वेगळ्या पद्धतीनं तोल धरणारी, दुसऱ्या वक्रतेची लेन्स दिली आणि खूण जागची हलेना.

किती फिरलं म्हणजे किती बिघडतं? लेन्स १० अंश फिरली की सिलेंडरचा साधारण एक तृतीयांश सुधारायचा राहून जातो, आणि ३० अंश फिरली की जेवढा सिलेंडर होता तेवढाच परत डोळ्यात उभा राहतो, म्हणजे टोरिक घालून काही उपयोगच नाही. ज्याचा सिलेंडर पाऊण आहे त्याला १० अंशात पाव नंबरचा फरक पडतो, त्याला कदाचित कळणारही नाही. ज्याचा सव्वादोन आहे त्याला पाऊण नंबर शिल्लक राहतो आणि तो दिवसभर डोळे बारीक करतो.

लेन्स फिरते पण दर वेळी तेवढीच आणि तिथेच स्थिर राहते, तर उपाय सोपा आहे, अ‍ॅक्सिस बदलून तीच लेन्स मागवायची. समोरून बघणाऱ्याच्या डावीकडे खालची खूण सरकली तर तेवढे अंश मिळवायचे, उजवीकडे सरकली तर वजा करायचे. अ‍ॅक्सिस ९० असेल आणि खूण डावीकडे १० सरकली तर १०० ची लेन्स. पण दर मिटण्याला वेगळ्या जागी जात असेल तर अ‍ॅक्सिस बदलून काही होत नाही, लेन्सची बसणीच बदलायला पाहिजे.

चष्म्याचा नंबर तसाच्या तसा लेन्सला टाकू नये, हे तर मी जीव तोडून सांगते. चारच्या वर नंबर गेला की चष्मा आणि बुबुळ यातलं अंतर हिशोबात धरावं लागतं, आणि सिलेंडर असेल तर दोन्ही दिशांना वेगळं. चष्म्यात उणे ६ आणि सिलेंडर उणे २ असेल तर लेन्समध्ये ते साधारण उणे ५.५० आणि सिलेंडर उणे १.७५ होतं. ऑनलाइन चष्म्याचे आकडे भरून टोरिक मागवणारे इथे अडकतात, त्यांना उणे ज्यादा मिळतो, लांबचं कडक दिसतं आणि जवळचं अजूनच जातं, आणि नाव मात्र चाळिशीचं होतं. उणे नंबर गरजेपेक्षा अर्ध्या नंबरनं जास्त असेल तर चाळिशी तेवढीच आधी आल्यासारखी वाटते. म्हणून मी जवळचा नंबर वाढवण्याआधी लांबचा उणे नंबर कमी होतोय का ते नेहमी बघते, कित्येकदा एवढ्यानंच काम होतं.

आणि वयाबरोबर अ‍ॅक्सिस बदलतो. तरुणपणी बहुतेकांचा सिलेंडर १८० च्या आसपास असतो, पन्नाशीकडे जाताना बुबुळाचा आकार बदलतो आणि तो हळूहळू ९० कडे झुकायला लागतो. पंचविशीतला नंबर जपून ठेवून त्याच्यावरच लेन्स मागवत राहिलात तर कधीतरी घोटाळा होणारच.

सिलेंडर ठीक आहे, चाळिशीच आहे, मग काय

लेन्सवर वाचायचा चष्मा. स्वस्त, दोन्ही अंतरांना सगळ्यात स्वच्छ, कधीही काढता येतो. दिवसात तासभर वाचणाऱ्याला मी दुसरं काही सुचवतच नाही.

दिवसभर फोन आणि फाइल बघणाऱ्याला एका डोळ्याला लांबचं आणि दुसऱ्याला जवळचं, असं वाटून देता येतं. दोन्ही टोरिकच, फक्त जवळच्या डोळ्याचा नंबर बदलायचा, म्हणून लेन्सचा खर्च तेवढाच. कुठला डोळा कुठल्या कामाला ते अंदाजानं ठरवू नये, दोन्ही डोळे उघडे ठेवून, लांब बघताना, आळीपाळीनं समोर अधिक १.५० ची काच धरायची आणि ज्या डोळ्यावर ती जास्त खटकते तो लांबचा. फरक दीडपर्यंत बहुतेकांना जमतो, त्याच्या वर खोली कळणं कमी होतं. रात्री एबी रोडवर गाडी चालवणाऱ्यांना मी हे देताना सोबत वरून लावायचा ड्रायव्हिंगचा चष्मा देतेच, आणि सोनारकाम, भरतकाम, सुईदोऱ्याचं काम करणाऱ्यांना देतच नाही, त्यांना दोन्ही डोळे बारीक कामावर लागतात.

मल्टिफोकल टोरिक हा खर्चिक मार्ग. एकाच लेन्समध्ये लांबचं-जवळचं आणि सिलेंडर, ऑर्डर देऊन मागवावी लागते. चालते तेव्हा लोक खूश होतात. पण लांबचा आणि जवळचा प्रकाश एकाच वेळी डोळ्यात जातो, मेंदू त्यातला हवा तो निवडतो, त्यामुळे कमी उजेडात अक्षरं थोडी फिकी होतात आणि दिव्यांभोवती वलय दिसतं. आणि लेन्स फिरत असेल तर यात साध्या टोरिकपेक्षा जास्त जाणवतं, म्हणून आधी साध्या टोरिकमध्ये खूण स्थिर झाल्याशिवाय मी ती मागवत नाही. एक-दोन आठवडे तरी वापरून मगच ठरवा, पहिल्या दिवशी नाही. साधी, सिलेंडर नसलेली मल्टिफोकल "पाऊण सिलेंडर काय मोठा" म्हणून दिली जाते, तो पाऊणच पुढे त्रास देतो.

मऊ लेन्स काहीही केलं तरी स्थिर राहत नाही आणि सिलेंडर बुबुळाचाच आहे, तर सेमी-सॉफ्ट म्हणतात ती कडक, हवा जाऊ देणारी लेन्स. तिच्या आणि बुबुळाच्या मध्ये अश्रूंचा थर भरतो आणि सिलेंडर बराचसा तिथेच मिटतो. सवय व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि रंगपंचमीच्या गेरेत (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीत), धुळीत, बाइकवर ती घालू नये, कण आत गेला की डोळ्यांतून पाणीच काढते. तसं गेरेला मऊ लेन्स घालून पण जाऊ नका, गुलाल लेन्सखाली अडकतो.

इथे थांबा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा

डोळा लाल झाला, दुखतोय, उजेड सहन होत नाही, चिपडं येतात, बुबुळावर पांढरा ठिपका दिसतो, तर लेन्स लगेच काढा, परत घालू नका, त्याच दिवशी डॉक्टर. लेन्स आणि डबी फेकू नका, सोबत न्या, जंतू कुठला ते त्यातूनही कळू शकतं. मेडिकलवरून विचारून थेंब आणून घालू नका, स्टेरॉइडच्या थेंबानं लाली जाते आणि आतलं इन्फेक्शन वाढतं.

अचानक एका डोळ्याचं कमी झालं, प्रकाशाच्या चमका, काळे ठिपके एकदम वाढले, बाजूनं पडदा आल्यासारखं, किंवा डोळ्यात खूप दुखून डोकं दुखतंय, उलटी होतेय आणि दिव्यांभोवती रंगीत वलयं, यातलं काहीही असेल तर तास मोजायचे, दिवस नाही.

हळूहळू होणारं पण काही डॉक्टरांकडेच जायचं असतं. सिलेंडर सहा-सहा महिन्यांनी बदलतोय, चष्म्यानं पण पूर्ण स्वच्छ होत नाही, तर बुबुळाचा नकाशा काढून घ्या. पांढऱ्यावरून काळ्या बुबुळावर मांसाचा पापुद्रा चढतोय तर तोच सिलेंडर वाढवतोय. जवळचा चष्मा लागत होता आणि अचानक चष्म्याशिवाय वाचता यायला लागलं, म्हणून घरात पेढे वाटू नका, मोतीबिंदूची सुरुवात अशी होऊ शकते. सकाळी एक नंबर आणि संध्याकाळी दुसरा असं वाटत असेल तर शुगर तपासा, रक्तातली साखर खाली-वर झाली की नंबर हलतो, शुगर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय मी लेन्सची ऑर्डरच घेत नाही. आणि चाळिशीनंतर वर्षातून एकदा डोळ्याचं प्रेशर बघून घ्या, काचबिंदू बहुतेक वेळा काही न दुखता नजर खातो.

तीनदा लेन्स बदलून झाली आणि तरी जमत नाही तर चौथी मागवू नका, दुसऱ्या माणसाला दाखवा, मी पण माझ्याकडच्या लोकांना असंच पाठवते.

दाखवायला जाताना, डोळा लाल नसेल तर, लेन्स घालूनच जा, निदान दोन तास आधी घातलेली, म्हणजे ती कुठे बसलीय ते दिसेल. लेन्सचे रिकामे बॉक्स न्या, त्यावर नंबर, अ‍ॅक्सिस, वक्रता सगळं छापलेलं असतं. जुना चष्मा न्या. आणि घरातल्या कोणाला तरी सांगून, तुम्ही फोन धरता ते डोळ्यापासूनचं अंतर टेपनं मोजून घ्या, पोथी किंवा वही मांडीवर ठेवून वाचत असाल तर ते वेगळं मोजा. परवा एक ताई चिठ्ठीवर लिहूनच घेऊन आल्या होत्या, फोन ३१, हरिपाठ ४५, शिलाई मशीन ३८. अर्ध्या तासात त्यांचं काम झालं.